घुशीचे दोन कान

घूस पहिल्यांदा चालली त्या दिवशी ती उलटी पळाली.

चाकूरच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या सिंधु मॅडम आणि त्यांची तीन पोरं, सादिया, फरहान आणि सत्यम, प्रयोगशाळेच्या फरशीवर गुडघे टेकून बसली होती. मधोमध त्यांचं यंत्र. स्टीलचा एक चपटा डबा, त्याला जुन्या पांगुळगाड्याची चाकं, पोटात बॅटरी आणि सरकारी योजनेतून आलेल्या पेटीतलं हिरवं सर्किट, डाव्या-उजव्या अंगाला दोन छोटे माइक. हेच तिचे कान. आवाज येईल त्या बाजूला वळायचं आणि आवाजाच्या दिशेनं चालत राहायचं, एवढंच तिचं काम. पडलेल्या घराच्या ढिगाऱ्याखाली कुणी अडकलं असेल, हाक मारत असेल, तर माणसाला शिरता येत नाही तिथं हिनं शिरायचं.

कल्पना सादियाची. नववीच्या भूगोलात भूकंपाचा धडा झाला आणि मधल्या सुट्टीत ती मॅडमसमोर येऊन उभी राहिली.

"मॅडम, ढिगाऱ्यात घुसून माणूस हुडकणारं यंत्र करायचं का आपण? घुशीवानी?"

नाव तिथंच पडलं. मॅडम "करू," म्हणाल्या आणि आधीच पुसलेला फळा पुन्हा पुसत राहिल्या.

तर त्या दिवशी सत्यमनं बटण दाबलं, फरहाननं दारात उभं राहून टाळी वाजवली. घूस थरथरली, गर्रकन वळली आणि फरहानला पाठ दाखवून कपाटाखाली जाऊन बसली.

"ये, इकडं ये," फरहान ओरडला. ती आणखी आत सरकली.

"आपल्या वर्गातल्या पोरांवानीच हाय ही," फरहान म्हणाला. "हाक मारली की पळते."

सादियानं डोक्याला हात लावला. डावा कान उजवीकडं आणि उजवा डावीकडं जोडला गेला होता. कान जागेवर आले, आणि मग घूस इतकी आज्ञाधारक झाली की नको नको झालं. सव्वीस जानेवारीला मुख्याध्यापकांचं भाषण चालू असताना ती सत्यमच्या हातून निसटली आणि सरांच्या मागे लागली. सर बोलत बोलत एक पाऊल मागे सरले की ती एक हात पुढे. शेवटी सर खुर्चीवर चढले आणि देशाच्या प्रगतीबद्दलची उरलेली वाक्यं तिथूनच बोलले. पोरं दोन दिवस हसत होती. मॅडमही हसल्या, घरी जाऊन एकट्याच, पोळ्या लाटताना.

नांदेडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शाळांसाठी रोबोटची स्पर्धा होती. चाकूरचं नाव गेलं, प्रवेश मिळाला, आणि अडलं ते सत्यमचं. स्पर्धा रविवारी आणि रविवारीच लातूरला त्याच्या क्लासची परीक्षा. चाकूरच्या गल्ल्यांत तेव्हा अशी घरं कितीतरी होती की आई पोरांना घेऊन लातूरला खोली करून राहिलीय आणि बाप इकडं एकटा भाकरी थापतोय. डॉक्टर व्हायचं म्हणजे लातूर, एवढं गणित सगळ्यांना पाठ. सत्यमचे वडील श्रीमंत यांनी मुलाला अजून तिथं ठेवलं नव्हतं. पण दर शनिवारी-रविवारी बसनं पाठवायचे, एकही रविवार चुकू द्यायचे नाहीत.

मॅडम त्यांच्या गावाकडच्या घरी गेल्या. सोयाबीनच्या पोत्यांना टेकून श्रीमंत बसले होते. चहा झाला आणि त्यांनी थेट विचारलं, "मॅडम, हे रोबोट केल्यानं नीटला किती मार्क वाढून भेटतेत?"

"एकसुद्धा नाही."

श्रीमंत जरा गडबडले. मॅडम काहीतरी समजावतील, मोठ्या मोठ्या माणसांची नावं सांगतील, अशी त्यांची तयारी होती.

"मंग कशापायी करायचं?"

"त्याला आवडतंय, दादा. त्या मोटारी त्यानं बसवल्यात. त्याच्याशिवाय आम्ही गेलो तर जाऊ शकू, पण मला ते बरं वाटणार नाही."

श्रीमंतांनी मिशी ओढली. आत दाराआड सत्यम उभा होता. त्याचे पाय तेवढे दिसत होते.

"तुमच्या संग दुसरं मोठं माणूस कोन हाय?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाही."

"मी येतो. काय करून राहिलेत हे लेकरं, ते तर बघावं."

दाराआडचे पाय तिथल्या तिथं नाचले.

रविवारी सकाळी पाचही जण चाकूरच्या स्टँडवरून नांदेडच्या एसटीत बसले. घूस एका नायलॉनच्या पिशवीत, पिशवी फरहानच्या पायांत. बस भरलेली. शिरूर ताजबंद मागे पडलं आणि ड्रायव्हरनं एका म्हशीला लांबलचक हॉर्न दिला. पिशवी हलली. फरहान निघताना बटण बंद करायला विसरला होता.

शेजारच्या बाकावरच्या आजींनी मान वाकवली. "काय हाय रं पिशवीत? हलून राहिलंय की."

"घूस हाय, आजी," फरहान सरळ बोलून गेला.

आजींनी दोन्ही पाय बाकावर घेतले आणि अशी किंकाळी फोडली की घूस पिशवीसकट त्यांच्याकडेच निघाली. मग पुढचं कोणाच्याच हातात राहिलं नाही. पाठीमागचे पुढं आले, पुढचे मागं गेले, कुणाचा दुधाचा कॅन लवंडला. कंडक्टर बाईंनी टणाटण बेल मारली, तशी घूस आजींना सोडून बेलकडे वळली. बस थांबली.

"जिवंत जनावर गाडीत आणायला कोणी सांगितलं?" कंडक्टर बाई कडाडल्या.

"जिवंत नाही हो," सिंधु मॅडम म्हणाल्या.

"म्हंजी मेलेली आणली?"

श्रीमंतांनी आतापर्यंत खिडकीबाहेर तोंड करून आपण यांच्यातले नाहीच असं दाखवलं होतं. ते आता उठले. पिशवी उघडली, घूस वर धरली आणि सगळ्या बसला दाखवली. "यंत्र हाय. भूकंपात माणूस हुडकायचं. ह्या लेकरांनी केलंय." मग थोडं थांबून म्हणाले, "ह्यो आमचा पोरगा हाय. मोटारी त्यानं बसवल्यात."

मग आजीच म्हणाल्या, "चालवून दाखीव बरं." घूस बसच्या मधल्या वाटेनं पुढून मागे आणि मागून पुढे फिरली, लोक टाळ्या वाजवत होते आणि ती टाळ्यांच्या मागे धावत होती. आजींनी ओच्यातले पेरू काढून पोरांच्या हातात दिले. कंडक्टर बाईंनी उशीर झाला म्हणून सगळ्यांना रागावून घेतलं आणि मग हळूच फरहानला विचारलं, "मी बेल मारली तवा ती माझ्याकडं कशी आली रे?"

नुकसान झालंच होतं. त्या गर्दीत कुणाचा तरी पाय पडून एका चाकाचा कणा चिरला होता. चिकटपट्टी नव्हती, दोरा नव्हता. मॅडमनी अंबाड्याचा रबर काढला, सादियानं तो चाकाला करकचून गुंडाळला, आणि मॅडमनी केसांत पेन खोचून घेतलं. नांदेडला त्या तशाच उतरल्या.

कॉलेजचा हॉल पोरांनी खचाखच भरला होता. टेबलामागे परीक्षक, त्यांतले मोठे साहेब हैदराबादहून आलेले, हिंदीत बोलणारे. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"आपके रोबोट का नाम?"

"घूस," फरहान छाती काढून म्हणाला.

साहेबांच्या भुवया वर गेल्या. हिंदीत घूस म्हणजे लाच, हे फरहानच्या ध्यानातच नव्हतं. "परीक्षकों के सामने घूस?" साहेब म्हणाले आणि शेजारचे परीक्षक खोकू लागले.

"रिश्वतवाली नहीं, सर," सादिया घाईघाईनं म्हणाली. "चूहेवाली. बडी वाली."

हॉलभर हशा पिकला. सादियाचे कान लाल झाले, पण साहेबही हसत होते.

मैदान म्हणून हॉलच्या मध्यभागी विटा, वाळू आणि वाकड्या पत्र्यांचा ढिगारा रचला होता. आत कुठंतरी एक छोटंसं यंत्र टिक टिक करत होतं. घुशीनं ते शोधायचं होतं. सत्यमनं तिला वाळूच्या कडेला ठेवलं. ती निघाली. पहिल्या विटेला वळसा घातला, पत्र्याखाली शिरली, पलीकडून बाहेर आली. तिचं नाक बरोबर टिकटिकीकडे होतं.

आणि श्रीमंतांचा तोल सुटला. मुलाला नीटला किती मार्क भेटतील हे विचारणारा माणूस खुर्चीवर उभा राहिला, दोन बोटं तोंडात घालून त्यानं या शेतातून त्या शेतात ऐकू जाईल अशी शिट्टी मारली आणि ओरडला, "हाण सत्या! शाब्बास रे पठ्ठ्या!"

घूस थांबली. वळली. ढिगारा, वाळू, मैदान सगळं सोडून ती श्रीमंतांच्या दिशेनं निघाली. वाटेत परीक्षकांचं टेबल होतं. ती त्याखालून गेली, टेबलावरच्या कापडाची झालर तिच्या चाकात अडकली आणि पुष्पगुच्छ, पाण्याच्या बाटल्या, नारळ, सगळं तिच्या मागे खाली आलं. लाल कापड पदरासारखं ओढत घूस श्रीमंतांच्या खुर्चीपाशी आली आणि त्यांच्या पायाला टेकून उभी राहिली.

हॉल हसून हसून लोळत होता. सत्यमनं मान खाली घातली. श्रीमंत खाली उतरले, घूस उचलली, कापडाची घडी केली आणि परीक्षकांसमोर जाऊन उभे राहिले.

"साहेब, चूक माझी हाय. यंत्राची न्हाई. म्या वरडलो, ते आलं. ते तर बरोबरच वागलं की."

मोठ्या साहेबांनी मिशीला लागलेलं पाणी पुसलं. "बात तो सही है," ते म्हणाले. पोरांना आणखी एक संधी मिळाली.

पण हॉल आता शांत होईना. शिट्ट्या, टाळ्या, चहाच्या कपांची खडखड. कोपऱ्यातून कोणी "घूस, घूस" म्हणून हाका मारत होतं. सादियाचे डोळे भरले.

"मॅडम, एवढ्या गलक्यात तिला टिकटिक कशी ऐकू येणार? काय बी केलं तरी न्हाई येणार."

सिंधु मॅडमनी तिच्याकडे पाहिलं. मग त्या निवेदकाकडे गेल्या आणि माइक मागून घेतला. केसांत पेन होतं, साडीवर वाटेतल्या दुधाचे डाग होते.

"मी सिंधु. चाकूरच्या शाळेत शिकवते," त्या म्हणाल्या. पुढची गोष्ट त्यांनी शाळेत कधीच सांगितली नव्हती. "त्र्याण्णवच्या भूकंपात आमचं गाव पडलं. औसा तालुक्यात. मी नऊ वर्षांची होते. घराच्या छताचं मातीचं माळवद अंगावर आलं आणि मी मातीखाली अडकले. हाताला एक ताट लागलं होतं, ते मी दगडावर वाजवत होते. वर लोक रडत होते, आपापल्या माणसांना हाका मारत होते. माझं ताट कुणालाच ऐकू जात नव्हतं. मग एक माणूस ओरडला, 'चूप! समदे चूप ऱ्हावा!' आणि वरचा सगळा आवाज थांबला. तेव्हा त्यांना माझं ताट ऐकू आलं."

मॅडमनी ढिगाऱ्याकडे हात केला.

"आमची घूस हुशार आहे. पण ढिगाऱ्याजवळची माणसं चूप बसली तरच ती कामाची. थोडा वेळ बसाल का?"

कोणीतरी उठून पंखे बंद केले. चहावाल्या पोऱ्यांनी किटल्या खाली ठेवल्या. एवढी पोरं एका छताखाली आणि नुसती टिक टिक, टिक टिक ऐकू येत होती.

घूस निघाली. वीट ओलांडली. पत्रा ओलांडला. आणि फरहानला उचकी लागली.

हिक्. घूस फरहानकडे वळली. फरहाननं दोन्ही हातांनी तोंड दाबलं. ती परत टिकटिकीकडे वळली. हिक्. पुन्हा फरहानकडे. सत्यमनं फरहानचं डोकं आपल्या पोटाशी धरलं आणि वरून स्वेटर टाकला. सगळा हॉल ओठ दाबून, गदगदत, डोळ्यांतून पाणी काढत हसत होता. पण आवाज मात्र कोणी केला नाही. एकानंही नाही. सिंधु मॅडम घुशीकडे पाहतच नव्हत्या. त्या हॉलभर गप्प बसलेल्या तोंडांकडे पाहत होत्या.

वळणावर रबर तुटला आणि चाक निखळलं. घूस एका अंगावर फरफटत, वाळूत रेघ ओढत पुढं गेली आणि ढिगाऱ्याच्या पोटात दिसेनाशी झाली. मग आतून, टिकटिक सापडल्याची खूण म्हणून, तिचा छोटा हिरवा दिवा लागला. सापडलं.

त्यानंतर जो आवाज झाला त्यानं घूस वेड्यासारखी जागच्या जागी गोल गोल फिरत राहिली.

नंबर काही आला नाही. वेळ फार लागला होता. पहिलं बक्षीस झाडांना पाणी घालणाऱ्या एका यंत्राला मिळालं आणि फरहाननं त्याच्यासाठी सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या. नांदेडच्या स्टँडवर भजी खाताना श्रीमंतांनी विचारलं, "मॅडम, चूप म्हणणाऱ्या त्या माणसाचं नाव ठाऊक हाय का?"

"गुंडप्पा. आमच्या शेजारच्या गावचे. मला नंतर मामानं चाकूरला आणलं, मग जाणं झालंच नाही तिकडं."

"हायत का?"

"आहेत म्हणे."

"मंग जाऊ की. जीप हाय आपली."

पुढच्या सुट्टीला ते गेले. भूकंपानंतर नव्यानं वसवलेलं गाव, एका ओळीतली सारखी घरं, दारापुढं लिंबाची झाडं. गुंडप्पा एका झाडाखाली बाजेवर बसले होते. पांढरा पटका, डोळ्यांवर जाड काचांचा चष्मा. सिंधु मॅडम त्यांच्या पायाशी वाकल्या आणि कोण, कुठली ते सांगितलं.

"लई जणांला काढलं बाई तवा," ते म्हणाले. "तू त्यातली कोणती?"

"मी ताट वाजवत होते, आप्पा."

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. "ताटवाली! आगं, तुला भाईर काढली तरी तू ताट सोडंनास. गाडीत घातली तरी वाजवतच हुतीस. आम्ही म्हणलो, आता बास कर की गं!"

हे सिंधु मॅडमना आठवत नव्हतं. पोरं हसली, त्याही हसल्या आणि हसता हसता त्यांना रडू आलं. "तुमच्यामुळं मी आहे, आप्पा," त्या म्हणाल्या. एवढी वर्षं मनात घोळवलेलं वाक्य ते एवढंच निघालं.

गुंडप्पांनी मान हलवली. "म्या काय केलं? निस्तं चूप म्हणालो. चूप बसले ते खरे. त्यांचीबी माणसं आत हुती गं. आपलं रडं गिळून ते उभे ऱ्हायले, दुसऱ्याचं लेकरू ऐकू यावं म्हणून." त्यांनी पलीकडच्या ओट्याकडे हात केला. "ती शिवगंगा. तुझ्याच गावची, आता हितं ऱ्हाती. ती हुती तिथंच."

ओट्यावर एक बाई शेंगा फोडत, इकडचं सगळं ऐकत बसली होती. सिंधु मॅडमनी आजवर आभार मानले होते ते एका माणसाचे, मनातल्या मनात, रोज. बाकीचे लोक त्यांच्या आठवणीत होते ते नुसता एक थांबलेला आवाज म्हणून. त्या उठल्या आणि ओट्याकडे गेल्या. शिवगंगाबाईंनी शेंगांचं सूप बाजूला ठेवलं, त्यांचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि बराच वेळ निरखून पाहिलं.

"माझं न्हाई सापडलं," त्या म्हणाल्या. "तू सापडलीस. लई बरं झालं बाई." मग पोरांकडे, श्रीमंतांकडे, जीपकडे नजर टाकून त्यांनी विचारलं, "ही समदी तुझीच का? जेवल्याबिगर न्हाई जाऊ देणार. चूल पेटलेलीच हाय."

सादिया आत भाकरी थापायला बसली आणि पहिलीच भाकरी तिनं तव्यावर उलटताना मोडली. शिवगंगाबाई खळखळून हसल्या, पीठ पुन्हा मळून दिलं आणि सिंधु मॅडमना म्हणाल्या, "बस की, सिंधे. उभी कशाला?"

किती वर्षांत त्यांना कोणी सिंधे म्हणालं नव्हतं. त्या चुलीजवळ बसल्या.